आढ्याचं पूर्वेकडचं कुसू

मूशंगने लाकडी हातोड्याने आढ्यावर दोनदा ठोकलं आणि कान लावला. पश्चिमेकडचं टोक भदभद वाजत होतं. वाळवीने आतलं सगळं खाऊन वर नुसती साल ठेवली होती. परांचीवरून सरकत सरकत तो पूर्वेच्या टोकाशी गेला आणि तिथे ठोकलं. तिथे लाकूड अजून खणखणीत होतं. त्याच्या बापाने चढवलेलं आढं होतं हे, आणि निम्मं मेलं तरी उरलेल्या निम्म्यावर सगळं छप्पर तोलून धरलं होतं.

"उतरवावं लागेल," तो वरूनच म्हणाला.

खाली वेंग घराण्याची मोठी माणसं माना वर करून उभी होती. एकदा चढवलेलं आढं खाली घ्यायचं म्हटलं की या डोंगरातल्या कुठलाही घरधनी कचरतो, आणि हे तर साध्या घराचं नव्हे, पितरांच्या देवळाचं आढं. झीगाव मास्तर, म्हणजे देवळाच्या दुरुस्तीचं सगळं ज्यांच्या गळ्यात पडलं होतं ते निवृत्त शिक्षक, घसा साफ करून म्हणाले की दुसरा काही इलाज असेल तर बघा. मूशंग म्हणाला, आहे की, छप्पर डोक्यावर यायची वाट बघा.

तो खाली उतरला आणि अवजारांच्या पेटीपाशी बसला. पेटीत सगळ्यात खाली, रंध्याच्या आड, फडक्यात गुंडाळलेला अर्धा वाडगा होता आणि एक जेवायची काडी. एकच, जोडी नव्हे. घरून निघायच्या दिवशी त्याने वाडगा स्वतः फोडला होता. बायकोने विचारलं कसा फुटला, तर म्हणाला निसटला हातातून. तिला पटलं नव्हतं. सुताराची बायको होती ती, फुटका वाडगा आणि एकटी काडी कशाला लागते हे तिला कोणी सांगायला नको होतं. ज्या घराने सुताराशी वाकडं वागावं, त्या घराच्या आढ्यात सुतार हे दोन जिन्नस लपवून जातो. मग त्या घराण्याच्या हातात एक दिवस भिकेचा वाडगा येतो. खरं-खोटं कोणी तपासलेलं नाही, पण सुताराला जेवायला घालताना इथे कोणी हात आखडता घेत नाही, ते याच भीतीने.

मूशंगच्या बापाने, दोंग चांगफाने, हे देऊळ बांधलं तेव्हा मूशंग पाळण्यात होता. आढं चढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी वेंगांच्या थोरल्या म्हाताऱ्याची आठ वर्षांची नात आजोबाला म्हणाली, सुताराने लाकडात काहीतरी लपवलं, मी पाहिलं. झालं. चांगफाला देवळाच्या दाराशी आणलं. त्याने सूत मारायच्या शाईच्या डबीवर हात ठेवून, सुतारांच्या मूळपुरुषाची शपथ घेऊन सांगितलं की मी काही ठेवलेलं नाही. म्हाताऱ्याने त्याचा उजवा हात दाराच्या फटीत धरायला लावला आणि दार लावून घ्यायला सांगितलं. जाड लाकडाचं, जड दार होतं ते, चांगफाने स्वतःच बसवलेलं. त्यानंतर वेंगांची माणसं वर चढली, पोरीने दाखवलं तिथली कौलं काढली, आढ्यावर हात फिरवले, खांबाच्या डोक्याशी दिवा धरून पाहिलं. काही सापडलं नाही. पण बोटं काही परत जुळणार नव्हती.

मूशंगने बापाची सरळ बोटं कधी पाहिलीच नाहीत. त्याला आठवत होता तो मुळीसारखा वळलेला पंजा, आणि त्या पंज्याची पाठ. पटाशी जरा तिरकी गेली की ती पाठ कानशिलावर बसायची, आणि बाप म्हणायचा, वेंगांनी हात मोडला नसता तर मी तुला करून दाखवलं असतं, आता मारूनच शिकवतो. नवीन वर्षाच्या दिवशी उदबत्ती लावताना बाप त्याला मूळपुरुषासमोर उभं करायचा आणि म्हणायला लावायचा की वेंगांना विसरणार नाही. इतर घरांत पोरं मिठाई मागायची, मूशंग हे म्हणायचा. आणि मरताना चांगफाने एवढंच बजावलं की त्या गावात पाऊल टाकू नकोस, त्यांचं काम कधी घेऊ नकोस.

मूशंगने ते ऐकलं नाही. गेल्या हिवाळ्यात वेंगांची माणसं दारात आली, म्हणाली की तुझ्या वडिलांची बांधणी दुसऱ्या कोणाच्या हाताला उलगडत नाही, तर त्याने चहा पाजला आणि लगेच हो म्हणून टाकलं. त्याचा हिशेब साधा होता. शिक्षा आधीच भोगून झाली होती. गुन्हा तेवढा करायचा राहिला होता, तो आता लेक करणार होता.

ती आठ वर्षांची नात अजून गावातच होती. शूछिन तिचं नाव. मूशंगने पहिल्याच दिवशी ओळखलं, कारण कोणी न सांगता ती त्याच्यासाठी जेवण घेऊन आली आणि वाडगा ठेवताना त्याच्या उजव्या हाताकडे तिची नजर गेली. आता केस पांढरे झाले होते. घरातल्या बाकीच्या पोरी लग्न होऊन दुसऱ्या खोऱ्यांत गेल्या, हिला मात्र कोणी मागणीच घातली नाही. जिच्या जिभेपायी एका माणसाचा हात गेला ती सून कोणाला हवी? शेवटी एक पोरका ओझेवाला घरजावई आणला, तोही लवकर गेला. गावाने तिचं जुनं प्रकरण गमतीवारी नेलं होतं, आणि गंमत काही जुनी होत नव्हती. परांचीवरच्या एका पोऱ्याला तिने सांगितलं की दुपारी पाऊस येईल, तर तो वरून ओरडला की शूछिनआत्या म्हणते पाऊस येईल, म्हणजे कौलं उघडी ठेवायला हरकत नाही. सगळे हसले. तीही हसली. दुपारी पाऊस आला, त्यावर मात्र कोणी काही म्हणालं नाही.

मूशंगलाही तेव्हा हसू आलं होतं, आणि ते त्याने दाबलं नव्हतं.

ती रोज त्याच्यासाठी वेगळं काहीतरी करायची. बांबूच्या कोंबांची भाजी, खारवलेलं डुकराचं मांस, तांदळाची लाल दारू थोडीशी गरम करून. तो खायचा, पण चांगलं झालंय असं एकदाही म्हणाला नाही. एकदा मासा शिजवला होता, तर म्हणाला, आमच्याकडे मीठ टाकतात. ती आत जाऊन मीठ घेऊन आली. त्याला वाटलं होतं ती चिडेल. चिडली असती तर जरा मजा तरी आली असती.

देवळाचा जुना फलकही तिनेच सांभाळला होता. ज्या वर्षी गावोगाव जुन्या देवळांतल्या असल्या गोष्टी जाळत होते त्या वर्षी तिने तो पालथा घालून त्यावर गादी टाकली आणि सरळ झोपू लागली. कोणी गादी उचलून पाहिलं नाही. आता तो अंगणात भिंतीला टेकवला होता. चार अक्षरं, सोनेरी रंग बराच उडालेला. मास्तरांनी ती मोठ्याने वाचून दाखवली आणि अर्थ सांगितला, जणू मूशंगला ठाऊकच नव्हता: आधीच्यांनी सोपवलेलं पुढे न्यावं, पुढच्यांसाठी दार उघडून द्यावं.

"लिहायला काय जातंय," मूशंग म्हणाला आणि फलकाचा तुटका कोपरा मापायला बसला.

आधीच्यांनी त्याला काय सोपवलं होतं ते त्याच्या पेटीत होतं. वाकस, शाईची डबी, सूत मारायची दोरी, आणि तळाशी तो वाडगा.

आढं उतरवलं त्या सकाळी अंगणात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. दोरखंड सैल करत करत ते खाली आणलं, तिवयांवर ठेवलं आणि कोणी ओलांडू नये म्हणून वर लाल कापड टाकलं. नवीन आढं शेजारीच तयार होतं, सरळ वाढलेल्या फरच्या झाडाचं. दुसऱ्या दिवशी सकाळचा मुहूर्त होता. आता फक्त दोन्ही टोकांची कुसवं राहिली होती. खांबाच्या खाचेत बसणारं टोक म्हणजे कुसू. ते जुन्याबरहुकूम कापायचं, म्हणजे बापाने खाचेत बसवलं होतं तसंच ते बसणार. जेवायची वेळ झाली तशी हाताखालची माणसं गेली. मूशंग मागे थांबला. त्याला एकट्यालाच थांबायचं होतं, कारण पूर्वेकडच्या कुसवात, खालच्या अंगाला, त्याला एक पोकळी कोरून ठेवायची होती. आढं खांबात बसलं की ती जागा कोणाच्या डोळ्यांना कधी दिसत नाही. वरून कौलं काढा, दिवे धरा, काही उपयोग नाही. आढं खाचेतून ओढून काढलं तरच ती दिसते, आणि चढवलेलं आढं कोणी ओढून काढत नाही. ही जागा त्याला बापाने शिकवली होती. शिकून ठेव, म्हणाला होता, करू नकोस.

माप घ्यायला त्याने जुनं आढं कुशीवर वळवलं आणि पूर्वेकडच्या कुसवाच्या खालच्या अंगावरून अंगठा फिरवला.

लाकडाची रेघ एका जागी तुटली होती. अगदी थोडी. दुसऱ्या कोणाचा अंगठा असता तर पुढे गेला असता. मूशंगचा थांबला, कारण पोकळीवर झाकणाचा असा तुकडा बसवण्यासाठी त्याने लहानपणी किती थपडा खाल्ल्या होत्या ते त्याच्या कानशिलाला माहीत होतं. त्याने बारीक पटाशी घेतली, तुकड्याच्या कडेला लावली आणि हलकेच दाब दिला. तुकडा एका दमात निघून आला.

आत तेलकागदाची गुंडाळी होती. तिच्यात निळ्या काठाच्या वाडग्याचा अर्धा भाग आणि एक काळी काडी.

मूशंगने ते हातात घेतलं. आधी त्याला वाटलं आपल्याच पेटीतली गुंडाळी आपण चुकून उचलली. पेटी बंद होती. मग वाटलं दुसऱ्या कोणी ठेवलं असेल, मागाहून. पण मागाहून ठेवणार कसं? आणि त्या लाकडी तुकड्याची कड त्याने उलटसुलट करून पाहिली तेव्हा ते वाटणंही संपलं. एका सरळ कापात काढलेला, कुठे थरथर नाही, कुठे दुरुस्ती नाही. हे धडधाकट उजव्या हाताचं काम होतं. बापाची सरळ बोटं त्याने पहिल्यांदा पाहिली ती अशी.

आणि कशासाठी, तेही त्याला ठाऊक होतं. बाप ती गोष्ट हसत सांगायचा. कामाला हात घालायच्या दिवशी जेवण असतं, त्यात मानाची जागा सुताराची, आणि ताटातल्या कोंबड्याचं डोकं सुताराकडे वळवून ठेवायचं. वेंगांच्या म्हाताऱ्याकडे त्या दिवशी मिठाचा एक व्यापारी आला होता. म्हाताऱ्याने त्याला वर बसवलं, डोकं त्याच्याकडे फिरवलं, आणि चांगफाला दाराजवळच्या खालच्या टेबलावर ओझेवाल्यांच्या पंगतीत बसवलं. तिथे वारा छान लागत होता, असं बाप म्हणायचा आणि हसायचा. मूशंगही हसायचा. बापाचा दिलदारपणा वाटायचा त्याला तो.

एका जागेसाठी. त्यापायी स्वतःची बोटं गेली तरी बाप बोलला नाही, त्या पोरीला साऱ्या खोऱ्याने खोटारडी ठरवलं तरी बोलला नाही, आणि पोटच्या पोराला दरवर्षी उदबत्तीसमोर उभं करून वैर घोकून घेतलं. मूशंगच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. हातातला वाडगा अंगणाच्या फरशीवर आपटावा असं वाटलं. तेवढ्यात फाटकाची कडी वाजली आणि त्याने गुंडाळी डगल्याच्या आत सारली.

शूछिन जेवण घेऊन आली होती. तिने डबा ठेवला, पण नेहमीसारखी लगेच वळली नाही. लाल कापडापासून चार हात लांब उभी राहिली, कमरेच्या फडक्याला हात पुसत, आणि म्हणाली की उद्या जेवणाच्या वेळी सगळ्यांसमोर मी तुमची माफी मागणार आहे. मास्तरांना सांगून ठेवलंय. आजोबा गेले, त्यांच्या वतीने मागणारं दुसरं कोणी उरलेलं नाही, आणि खरं तर चूक आजोबांची नाहीच, माझी.

"पण त्याआधी एकदा विचारून घ्यावं म्हटलं," ती म्हणाली. "आढं आता खाली आहे म्हणून. पूर्वेकडचं ते कुसू. त्यात काही नव्हतं ना?"

इतक्या वर्षांत असा घास त्याच्यापुढे कधी आला नव्हता. वाडगा लपवायची गरज नव्हती, आढ्यात काही ठेवायची गरज नव्हती. सूड घ्यायला एक शब्द पुरे होता. आणि वेंगांच्या त्या म्हाताऱ्याच्या घरात उरली होती ती एवढीच बाई.

"काही नव्हतं, बाई," तो म्हणाला.

शूछिनने मान हलवली. ती रडली नाही. फरशीकडे पाहत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हुडकत असल्याचा भाव आला, एखादी वस्तू इथेच तर ठेवली होती म्हणून बघावं तसा.

"म्हणजे मीच," ती म्हणाली. "मला अजून दिसतो हो तो हात. आत जाताना दिसतो. इतका स्पष्ट दिसतो की मला वाटायचं, सगळं जग म्हणू दे, एवढा हात काही मनाने रचता येत नाही. पण येतो म्हणायचा." मग डब्याकडे बोट करून म्हणाली, "जेवून घ्या. गार होतंय."

मूशंग त्या दिवशी सगळं जेवला. डब्याच्या तळाला चिकटलेला भातसुद्धा काडीने खरवडून खाल्ला. मग पटाशी उचलून नव्या कुसवाला बसला आणि पहिलाच घाव तिरका गेला. तो थांबला, पटाशीची धार पाहिली, पुन्हा लावली. दुसरा घावही तसाच गेला. एवढ्या वर्षांत त्याचा हात असा वाकडा चालला नव्हता. मोडक्या पंज्याची पाठ कानशिलावर बसायची वाट बघत असल्यासारखा तो क्षणभर मान खाली घालून बसला, आणि मग त्याचं त्यालाच हसू आलं. मारणारा नव्हता. त्याला जाब विचारावा, तर तोही इलाज नव्हता. सुटला होता बाप, इमानदार कारागीर म्हणून थडग्याच्या पाटीखाली निजला होता, आणि त्याची पाटी मूशंगनेच दर वसंतात झाडून पुसून स्वच्छ ठेवली होती.

वेंगांवर सूड घेऊन झाला होता, त्याच्या जन्माच्या आसपासच. त्याच्यावर दुसरा थर चढवायला तो आला होता. मग आता त्याला नेमका कोणावर सूड घ्यायचा होता, हे संध्याकाळपर्यंत कुसू कापता कापता त्याच्या ध्यानात येत गेलं. नव्या कुसवात त्याने पोकळी कोरली नाही. आपल्या पेटीतला वाडगा त्याने देवळामागच्या ओढ्यात टाकला, काडी चुलीत घातली.

मुहूर्तावर आढं चढलं. कोंबड्याच्या तुऱ्याचं रक्त लावलं, फटाके वाजले, मूशंगने आढ्यावर बसून रीतीप्रमाणे चार शुभ शब्द म्हटले आणि टोपलीतले वाफवलेले पाव खाली उधळले. खाली बायका, म्हातारे, सगळे डगल्याचे सोगे आणि टोप्या पसरून उभे होते. मास्तर दोनदा म्हणाले की अगदी बरोब्बर बसलं, केसाएवढीही फट नाही. फलकही दारावर चढला.

जेवण देवळातच होतं. मूशंगला मानाच्या जागेवर नेऊन बसवलं, उजव्या हाताला मास्तर. दाराजवळ खालचं टेबल होतं, तिथे ओझी वाहणारी आणि कौलं लावणारी माणसं बसली होती. ताट आलं. अख्खा कोंबडा, मान उभी केलेली, आणि वाढणाऱ्याने ताट काळजीपूर्वक फिरवून डोकं मूशंगच्या समोर आणून ठेवलं. सगळ्यांनी पाहिलं. मास्तरांनी फलकावरची अक्षरं पुन्हा एकदा समजावून सांगितली, दोंग घराण्याच्या दोन पिढ्यांनी वेंगांच्या पितरांवर छप्पर घातलं म्हणाले, आणि मग शूछिनकडे पाहून खाली बसले.

ती बायकांच्या बाजूने उठून आली. तिने धुवट निळा डगला घातला होता. दोन्ही हातांत दारूचा पेला धरून ती मूशंगच्या समोर उभी राहिली. बोलायचं तिने घोकलं असावं, कारण सुरुवात झाली ती कुठेही न अडखळता.

"मी लहानपणी खोटं बोलले. त्यात एका चांगल्या माणसाचा हात गेला. त्यांनी काही लपवलं नव्हतं. आज त्यांच्या मुलासमोर, सगळ्या गावासमोर..."

मूशंगने डगल्यात हात घातला आणि तेलकागदाची गुंडाळी तिच्या पुढ्यात ठेवली. पेला तिच्या हातातून काढून घेतला, म्हणजे तिला ती उघडता येईल.

"पूर्वेकडच्या कुसवात होतं, ताई," तो म्हणाला. "तुम्ही दाखवलं होतंत तिथेच. काल मी खोटं सांगितलं."

त्याने आवाज हळू ठेवला होता. शेजारच्या टेबलांवरच्यांना वाटलं सुताराने काही भेट दिली. शूछिनने कागद उलगडला. निळ्या काठावरून बोट फिरवलं. मग ती काळी काडी उचलून उजेडाकडे धरली, आणि तिचं तोंड आवळलं गेलं, ओठ पांढरे पडले. इतक्या दिवसांत मूशंगने तिला चिडलेलं पाहिलं नव्हतं. चिडल्यावर ती कशी दिसते ते त्याला आता कळलं.

मास्तरांनी मान पुढे करून विचारलं की मिस्त्रींनी काय दिलं.

"माझंच होतं," शूछिन म्हणाली. "परत मिळालं."

मग तिने हात लांब केला, कोंबड्याच्या ताटाची कड धरली आणि ताट फिरवायला लागली. सावकाश फिरवलं, घाई नाही. डोकं मूशंगवरून सरकलं, मास्तरांवरून सरकलं, टेबलाभोवतीच्या एकेका वेंगासमोरून गेलं आणि ती स्वतः उभी होती तिथे येऊन थांबलं. मास्तर काहीतरी म्हणायला गेले, सुताराचा मान, रीत, असं काहीसं. तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. एक स्टूल ओढून घेतलं, त्या डोक्यासमोर बसली, आणि वाडगा व काडी सगळ्यांना दिसतील अशी टेबलाच्या मधोमध ठेवली.

"आता ऐका सगळे," ती म्हणाली.

मूशंग उठला. आपला वाडगा आणि काड्या घेऊन तो खोली ओलांडून दाराजवळच्या खालच्या टेबलाशी गेला. कालपर्यंत हीच माणसं त्याला हसत हाक मारत होती. आता ती माणसं त्याच्याकडे पाहत होती, पण सरकून जागा कोणी केली नाही.

"मी तेव्हा आठ वर्षांची होते," मागून तिचा आवाज आला. "परांचीखाली बसून लाकडाचे छिलके गोळा करत होते."

कोणी हसलं नाही. मूशंग हातातला वाडगा तसाच धरून उभा राहिला. दारातून वारा येत होता.